मुराळी

पहिल्या साली आप्पा फोनवर म्हणाले,
"आखाजी आली, बाई. मुराळी कोणाला धाडू?
विमानंच झोपलीत."
आणि हसले. मागे अमळनेरचं अंगण,
निंबाला बांधलेला झोका, रिकामा.
योगराजनं फोन मुद्दाम तिकडे वळवला होता.

मी साल्मियात, सहाव्या मजल्यावर.
पाचचा भोंगा झाला की
रस्ता पाटीसारखा पुसला जायचा.
जमियात जायची वेळ मिळाली बुधवारची, नऊ वीस,
अर्ध्या तासात डांगर शोधायचं.
इराणी मिळालं, पिवळं, जाळीदार,
हातमोज्यातून पिकलंय की नाही कळेना.
घागर म्हणून लोणच्याची बरणी;
तीनदा घासली, तरी मेथीचा वास.
भूषणचा पगार निम्म्यावर, म्हणून आंबे दोनच,
दोन्ही पितरांपुढे.
रेवा म्हणाली, "मग आमरस?"
दुपारी तेच दोन पिळले.
पितरांना रागवायचं असेल तर रागवोत.

त्या वर्षी इमारतीत फक्त लिफ्ट हिंडायची.
सांजोऱ्यांचा डबा आत ठेवायचा,
हात आत, अंग बाहेर, चारचा आकडा दाबायचा,
मग मदाम हनानला मिस्ड कॉल.
डबा वर यायचा तो रिकामा कधीच नाही.
खजूर. फडक्यात गुंडाळलेलं मसुराचं सूप.
ईदला पिठीसाखरेत लोळवलेली बिस्किटं,
आणि एकदा नुसतं एक लिंबू,
बहुतेक तेवढंच असेल घरात.
तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.
तिची झाकणं ओळखायची.

दुसऱ्या साली आखाजी ईदच्या दुसऱ्या दिवशी.
आप्पांना जाऊन सतरा दिवस.

धुळ्याचा दवाखाना मी पाहिलेला नाही.
व्हिडिओत दिसलं ते आभाळ, पत्र्याचं छत,
योगराजच्या कानाची पाळी.
फोन धरायचं त्याला भान नव्हतं.
तिकडून इकडे विमानं पुन्हा बंद,
"गेलीस तर परत येता येणार नाही,"
हे वाक्य मी भूषणला बोलू दिलं.
म्हणजे ते माझं राहिलं नाही.

काकू फोनवर म्हणाली,
नव्या माणसाला घागर चालत नाही, डेरगं लागतं,
मातीचं, मोठं,
आणि ते पोरानं पुजायचं. लेकीनं नाही.
मी हो म्हटलं.
फोन ठेवला आणि बरणी काढली.

आगारीला निखारा हवा.
घरात काचेची शेगडी, तिच्यात जाळ नाही,
नुसता लाल गोल, बोट लावलं तर भाजणारा.
फोनला मराठीत सांगितलं, त्यानं अरबीत केलं,
काय केलं देव जाणे:
"बापासाठी विस्तव हवा."

लिफ्ट आली. डबा नव्हता.
जिता कोळसा एकटा कसा पाठवायचा,
म्हणून ती स्वतः आली होती,
मास्क, घरातली चप्पल, माझ्याहून बुटकी,
हातात धूपदाणी, तिच्यात कालच्या ईदचा ऊद
अजून अर्धा जळायचा राहिलेला.
एक पाय दारात अडकवून उभी राहिली.
लिफ्ट बोंबलत होती.

उंबरा नाही इथे, फरशीवर एक पितळी पट्टी.
तिच्यावर कुंकवाचं बोट ओढलं.
रेवानं स्टुलावर चढून
धूर ओळखणाऱ्या यंत्राला न्हाणीतली टोपी घातली.
पुरणपोळीचा तुकडा, तूप, भाताचं शीत
निखाऱ्यावर ठेवलं.
तूप तडतडलं, आणि जो वास उठला
तो आमच्या घरचा नव्हता, तिच्याही नव्हता.

"आप्पा," मी म्हटलं, जेवायला हाक मारावी तसं.
तिनंही म्हटलं माझ्यामागून.
तिच्या भाषेत प नाही,
"अब्बा."

खालून कोणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं,
पुन्हा पुन्हा.
तिनं पाय काढला नाही.