काटा

छेचाळीस अंशांत, वर्धा रोडवर,
काटा लाल रेघेकडे चढायचा,
घसरायचा, पुन्हा चढायचा.
थर्मोस्टॅट बदलला. कूलंट नवं भरलं.
तीन आठवडे मी समोरचा रस्ता
धड पाहिलाच नाही.

मानकापूरच्या बोरकुटेनं आधी बॉनेटला हातच लावला नाही.
“इंडिकेटर द्या,” म्हणाला.
टिक्, काटा उडाला. टिक्, पडला.
“इंजिनले काई नाई झालं, मॅडम.
अर्थिंग गंजली.
काटा खोटं बोलून राहिला.”

पॉलिश पेपरनं एक बोल्ट घासला,
करंगळीएवढी वायर आवळली.
पन्नास रुपये.

आता काटा मधोमध, गपगार.
तरी छत्रपती चौकात
डावा इंडिकेटर लावून बघते.
मागचा ऑटोवाला ओरडतो, “वळ ना बे!”
मला कुठंच वळायचं नसतं.