खालचा कप्पा

वीस तारखेच्या संध्याकाळी नथनेल पुण्याहून आला
थर्मोकोलच्या पेटीत नऊ किलोचा दगड घेऊन.
हॉटेलात कुणाची ऑर्डर रद्द झाली म्हणे,
मॅनेजरनं निम्म्या दरात दिला.
"आत्या, टर्की! नाताळाला!"
ओट्यावर ठेवला तर ओटा वाजला.

निवृत्तीमामा डोकावले : मोर का काय?
मोर आणला असता तर आम्हाला आत टाकलं असतं, मामा.
कोंबडीच समजा. लई मोठी, अन् परदेशी.

नथनेलचा बेत सोपा होता,
रात्रभर ओट्यावर, सकाळी मऊ.
वरून मऊ होईल लेकरा, आत बर्फच राहील,
आणि त्या मधल्या उबेत जे वाढतं
ते डोळ्यांना दिसत नाही.
बत्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात
मी त्या न दिसणाऱ्याचाच पगार घेतला.

मग म्हणाला, गार पाण्यात बुडवू,
अर्ध्या अर्ध्या तासाला पाणी बदलायचं.
मी नुसतं दारातल्या ड्रमकडं पाहिलं.
आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो.
त्यानंही पाहिलं, अन् गप्प झाला.

राहिला फ्रीज.
एका दाराचा, मी रिटायर झाले तेव्हा
स्टाफनं वर्गणी काढून दिलेला.
दोन-सव्वादोन किलोला एक दिवस धरला
तर चार दिवस. चोवीसची संध्याकाळ. बसतंय.
दही, वांगी, कोथिंबिरीच्या जुड्या मामांच्या घरी गेल्या.
शेंगदाण्याची चटणी बाहेर राहिली, तिला काय धाड भरलीय.
खैरुन्निसा आपाचं इन्सुलिन तेवढं दारातच,
डब्यात डबा घालून, झाकण घट्ट.
पक्षी सगळ्यात खाली, परातीत, पिशवी न फाडता.
ठिबकणारं खालीच जातं;
तर ते आधीच खाली ठेवावं,
कुणाच्या अंगावर यायला नको.

पहिल्या दिवशी काही नाही.
दुसऱ्या दिवशी पंखापाशी बोट जरासं दबलं.
तिसऱ्या रात्री पावणेदोनला लाइट गेली.

नथनेल उठला. "बघू तरी, आत्या."
बघायचं म्हणजे उघडायचं.
मी खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसले.

एकदा बदनापूरच्या अलीकडं जीप बंद पडली होती,
मांडीवर पोलिओच्या लसीची पेटी, मे महिना.
ड्रायव्हर म्हणाला, सिस्टर, बर्फ उरलाय का बघा.
शिपाई म्हणाला, बघा.
मी पेटीवर चक्क बसले.
तीन तास. शेवटी एका ट्रॅक्टरनं ओढून नेलं.
बाटल्या गार निघाल्या.
ती लेकरं आता सळईच्या कारखान्यात कामाला असतील,
रस्त्यात भेटली तर मला ओळखायची नाहीत.
काही बिघडत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी मोटर खाकरली.
पाऊण तास आणखी थांबले,
मग एकदाच उघडलं, तेही बोटभर.
पारा : चार.
तेव्हा कुठं मला उमगलं,
रात्रभर मी ज्याची राखण करत होते
तोच बर्फाचा गोळा खाली बसून
आपाचं औषध राखत होता.

सकाळी आपा आल्या, चेहरा उतरलेला.
"रात कू लाइट गई थी ना, सिस्टर?"
गेली होती. घ्या, गार आहे.
कशामुळं ते नथनेल सांगायला निघाला,
मी डोळ्यांनीच थांबवलं.
त्यांना आधी नाश्ता करायचा होता.

चोवीसच्या संध्याकाळी
पोटात हात घातला. कण्यापाशी अजून
एक चीप लागली, नखाएवढी.
"झाली नाही का मग?"
झाली रे. तेवढं राहतं.
आधी हात धू. साबणानं. पाणी मी ओतते.