सतरा नंबर

नंदुरबारच्या या खोलीची खिडकी
जानेवारीत उघडत नाहीत.
पलीकडे पथारी, मिरचीचा वीतभर लाल थर,
वारा फिरला की अख्खा वर्ग शिंकतो
आणि संगणकांचे पंखेसुद्धा, आपापल्या परीने.

चोवीस पेट्या. सीडीचे खण कधीच अडकलेले,
पेनड्राइव्ह एकच,
त्यात प्राचार्यांच्या पुतणीचं लग्न भरलेलं.
म्हणून सगळं वायरीवरूनच उतरवायचं ठरलं :
एक सर्व्हर, एक स्विच, आणि निळ्या वायरींचा गुंता.

धुळ्याहून निघताना उखर्डू सरांनी वही दिली.
वर लिहिलेलं : ठाऊक असलेल्या भानगडी.

'यंत्र जागं होतं तेव्हा त्याला नाव नसतं, गाव नसतं.
ते सगळ्यांना उद्देशून एक हाक मारतं.
ओ आली नाही तर वायर बघ.
मग पुन्हा वायर बघ.
स्विच सुस्त असतो, वाट मोकळी करायला
अर्धा मिनिट घेतो,
तोवर यंत्र हाका मारून गप्प बसलेलं असतं.
समजूत स्विचची घाल. यंत्राची नको.
कार्ड नव्या जातीचं असेल
तर त्याचा ड्रायव्हर आधीच शिदोरीत बांधून दे.
घड्याळ मागे पडलं असेल तर सेल बदल,
जुन्या तारखेला कुणी दार उघडत नाही.'

सर कवी नव्हते.
अक्षराला फक्त घाई नव्हती.

दुपारपर्यंत तेवीस उठली.
सतरा नंबर भिंतीकडेला, एकटं.
पत्ता मिळाला, म्हणतं. फाइल सापडत नाही, म्हणतं.
काळा पडदा. पुन्हा पत्ता. पुन्हा फाइल नाही.
रॅम काढून पुसली, कुलूप उघडलं,
सेल नवा घातला, वही दोनदा वाचली.
खुर्च्या रचणारे लोटनभाऊ थांबले :
'ताई, याले कोनी ओयखत नही का?'

मग मी तो पत्ताच वाचला, नीट, आकडा आकडा.
बाकी सगळ्यांचे दहाने सुरू होणारे.
याचा एकशे ब्याण्णवने.

म्हणजे ओ दिली होती कुणीतरी.
आम्ही नाही.

सतराची वायर स्विचकडे गेलीच नव्हती.
भिंतीतल्या भोकातून ती पलीकडे, परीक्षा विभागात,
कपाटामागे, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर
हिरवा डोळा मिचकावणाऱ्या एका पांढऱ्या डबीत.
सुपडू भाऊसाहेबांनी बसवलेली, क्रिकेटच्या हंगामात.
'कुठली तरी वायर मोकळी होती,' ते म्हणाले, 'मी लावून दिली.'

डबीचं तरी काय चुकलं?
कुणी हाक मारली, तिने हात वर केला.
पत्ता दिला, खराखुरा,
फक्त त्या पत्त्यापुढे काही नव्हतं.

सकाळी स्टँडवर मीही विचारलं होतं, कॉलेज कुठे?
पहिला जो बोलला, इतक्या खात्रीने बोलला
की त्याच्या बोटामागे गेले
थेट पथारीत.
मिरच्या निवडणाऱ्या बायका हसल्या.
एकीने तोंडावरचा पदर सोडून
खरा रस्ता सांगितला, आणि पाणी दिलं.

वायर ओढून घेतली. भोकातून थोडी माती आली,
एक मेलेला झुरळ आला.
स्विचमध्ये शेवटचं रिकामं घर होतं, तिथे टोक दाबलं.
टक्.

हाक.
अर्ध्या मिनिटाची ती जुनी शांतता
(स्विचची समजूत मी घातली होती,
तरी या एका घराची राहून गेली असावी).
ओ.
फाइल.
मग पट्टी, मुंगीच्या चालीने : चार टक्के, नऊ, नऊ, नऊ,
लोटनभाऊंचा चहा येईपर्यंत एकतीस.

वहीत 'पुन्हा वायर बघ'च्या शेजारी
मी पेन्सिलीने लिहिलं : दुसऱ्या टोकापर्यंत.
पेननं लिहायचा धीर झाला नाही.

साडेपाचला सतराने विचारलं, भाषा निवडा.
लोटनभाऊ चष्मा लावून यादी बघत राहिले,
खाली, आणखी खाली.
अहिराणी नव्हती.
मी मराठीवर बोट ठेवलं, त्यांच्याकडे पाहिलं.
'चाली जाई,' ते म्हणाले,
आणि जोरात शिंकले.