छत्तिसावा भाग

विभाकर गेला की राहिला
यावरून आमच्या लायब्ररीत दोन तट आहेत,
आणि प्रत एकच.

तेवीस वर्षं त्याने रात्रींवर काढली.
दिवाळीला एक भाग, मेमध्ये कधी जादाचा.
छत्तिसाव्यात तो नदीच्या पायरीवर येऊन बसतो,
चपला काढून शेजारी ठेवतो,
आणि शेवटची ओळ: मग उजाडलं.
बस्स. खाली छापखान्याचा पत्ता.

बेबीताई आवळे मिरजेला रक्तपेढीत असतात.
त्यांनी पुस्तक काउंटरवर आपटलं.
"दोनशे वर्षं लोकांचं प्यायला
आणि शेवटी चपला काढून बसला? झालं?
आमच्याकडे एका पिशवीची तारीख उलटली
तर तीन रजिस्टरात सह्या लागतात."

श्रेयांस उपाध्ये, बी.एस्सी. दुसरं वर्ष.
त्याच्या घरी दिवस मावळल्यावर कुणी घास घेत नाही
आणि हा वाचणार कुणाबद्दल,
तर दिवस मावळल्यावरच जेवणाऱ्याबद्दल.
म्हणाला, "मावशी, हाच शेवट.
त्यानं एक उपास तडीस नेला."
बोलताना आवाज चिरकला.
मी उगाच पावतीपुस्तक शोधत राहिले.

बाकीचे समासात भांडतात, पेन्सिलीनं.
पान एकशे अठ्ठ्याऐंशी: फसवणूक.
खाली दुसऱ्या अक्षरात: कुणाची?
त्याखाली हिरव्या शाईत:
ते राहू दे, चपलांचं काय झालं सांगा.
पुस्तकात लिहू नये असा नियम आहे,
पाटीही मीच रंगवलीय.
खोडरबर घेऊन बसते
आणि फक्त शिव्या खोडते.

वाहतं पाणी त्याला ओलांडता येत नाही,
असं पहिल्याच भागात दिलंय.
एकोणीस साली पाणीच आलं हरभट रोडवर
आणि त्याला ओलांडून गेलं.
खालच्या फळीवरचे आठ ते चौदा
लगद्यासारखे निघाले, घमेल्यातून टाकले.
तेव्हापासून नवे वाचक सातावरून पंधरावर उडी मारतात
आणि विचारतात, ही देवयानी कोण, कधी वारली?
मी सांगते.
थोडं लेखकाचं, थोडं माझं,
आताशा माझंच जास्त.
आजवर एकाचीही तक्रार नाही.

आणि रमजान मुजावर,
मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावर.
उरलेल्या प्रत्येक भागाच्या कडेला
त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा आहे.
छत्तिसावा त्यानं तीनदा नेला.
तिन्ही वेळा ठसे एकशे शहात्तरपर्यंत,
पुढची बारा पानं पांढरी स्वच्छ.
विचारलं, "कसा वाटला शेवट?"
"चांगलाय की वो," नजर रजिस्टरात.
मग जरा थांबून,
"लावा पुन्हा माझ्याच नावावर."
लावला.
रांगेत अकरा जणं होती तरी.

मला विचारतात, तुम्ही कुठल्या बाजूच्या?
मी म्हणते, मी नोंदवहीवाली.

खरं सांगायचं तर
तो भाग आला त्या रात्री शटर अर्धं ओढून
स्टुलावर बसून एका बैठकीत संपवला.
आधी बरं वाटलं. सुटला बिचारा.
मग त्या बरं वाटण्याचाच राग आला,
जसा घरातलं जुनं दुखणं गेल्यावर येतो,
आता औषधाच्या वेळांचं काय करायचं, असा.

पहाटे माई घाटावर गेले.
कशाला, ते मलाही धड माहीत नाही.
धुकं होतं, आयर्विन पुलावरून दुधाची गाडी गेली,
आणि खालून तिसऱ्या पायरीवर
चपलांचा एक जोड.
असेल कुणा पोहणाऱ्याचा.
असणारच.
तो पाण्यातून वर येईपर्यंत थांबले.

त्या दिवशी लायब्ररी
वीस मिनिटं उशिरा उघडली.