आटे

साखळी तुटली तेव्हा मी वर पाहत होतो,
चिंचेवर चढलेल्या पोट्ट्यांना ओरडत.
अठ्ठावीस वर्षं पंचायत समितीचे हातपंप खोलतो-बांधतो,
हँडल सुटलं तर हात कुठं नसावा
हे चार गावांतल्या पोरांना शिकवणारा मीच.

आवाज बारीक झाला.
वाळली तुऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तेवढाच.
मग पाहिलं तर मनगट
भात वाढायच्या पळीसारखं वाकलेलं,
आणि पोट्टे चिंचेवरून आपसूक खाली.

आधी उरकुडा ठवकराकडे नेलं.
गावचं हाड तिथंच जातं.
त्यानं जवसाचं तेल लावलं, दोन्ही अंगठे फिरवले
डोळे मिटून,
मी पाइपाला कान लावतो तसं.
मग तेल पुसून टाकलं.
"केवळराम, हे एक हाड नोहे, चुरा झाला.
माझ्यानं बसन, पण वाकडं बसन. तू जाय."
बांबूच्या कमच्या बांधल्या, सैल.
पैसे घेतले नाहीत,
पोराला मोटारसायकल काढायला लावली.

तालुक्याला फोटोची मशीन बंद.
प्लास्टर चालू होतं.
कोपरापर्यंत गुंडाळून म्हणाले, आठ दिवसांनी दाखवा.

तिसऱ्या रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं
माझी राहिली नाहीत.
पुस्तकलानं गोधडीची सुई आणली.
"दुखते?"
"नाही."
"आता?"
"टोचली का तू?"
ती काही बोलली नाही.
कोंबडा आरवायच्या आत
रेशनकार्ड, आधार, माझा धुतलेला शर्ट
आणि रात्रीच्या भाकरी पिशवीत होत्या.

नागपूरला मेडिकलच्या ओळीत मी एकशे बारावा.
ज्या पोरीनं प्लास्टर कापलं तीच डॉक्टर निघाली,
लातूरकडची, डोळ्यांखाली दोन रात्रींचं जागरण.
तिनं फोटो उजेडावर धरला.
मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.
कॉलर फुटलेली, सांधा सरकलेला.
असा पाइप मी बोअरमध्ये कधी सोडला नसता.

"असंच जुळू दिलं तर?"
"जुळेल. मूठ वळणार नाही."
म्हटलं, पंपही चालतो तसा, बाई.
पाणी येतं. पण दर दांड्याला कुरकुरतो
अन् वर्षभर वायसर खातो.
ती हसली. "मग कळतंय की तुम्हाला."

पट्टी बसणार होती, सात स्क्रूंची.
मी आटे विचारले, बारीक की जाड?
मागचे शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे पाहू लागले.
तिनं खरंच एक स्क्रू आणून
माझ्या डाव्या हातावर ठेवला.
तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा.
आटे मात्र स्वच्छ कापलेले.
मी कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवला.

पलंग मिळायला चार दिवस लागले.
पुस्तकला व्हरांड्यात झोपायची, विटेवर डोकं ठेवून.
एका सकाळी म्हणाली, गावात मोहफूल पडायला लागलं असन.
चला परत, असं नाही म्हणाली.

नंतरचं कुणी सांगत नाही.
टॉवेल भिजवून पिळायचा, दिवसातून चारदा.
पिळतो कसला, नुसता धरायचो.
पंधरा दिवस टॉवेल ओलाच दोरीवर जायचा,
ती येऊन पुन्हा पिळायची, माझ्या पाठीमागे.
एकदा आली, हात लावला, आणि तशीच आत गेली.

अजून थंडीत ठणकतं.
पान्याचा शेवटचा फेरा दामिनी मारते, मोठ्या भावाची पोरगी.
हँडल खोलायच्या आधी मी तिचे दोन्ही हात पाहतो.

परवा उरकुडा आला होता चिंचेखाली.
काही न बोलता मनगट हातात घेतलं,
डोळे मिटले, अंगठे फिरवले,
वणाशी थांबला, जरा पुढं गेला, परत आला.
"सरळ हाय," म्हणाला.
मग ओठांतल्या ओठांत मोजू लागला.
म्हटलं, सात आहेत.
"सहाच लागतात जी,"
आणि पुन्हा पहिल्यापासून.