दुशान्बे ते खोरोग

एकवीस वर्षं मी या तिकीटखिडकीत बसते.
काचेचं भोक तोंडापेक्षा जरा खाली पडलंय,
त्यामुळे माझ्याशी बोलणारा प्रत्येक माणूस
किंचित वाकलेला असतो.
"खोरोग किती लांब?"
पन्नास मिनिटं, मी सांगते.
बाहेर जीपवाल्यांना विचारा, ते म्हणतील
सोळा तास, दरड कोसळली नसेल तर.
माझ्या लेकानं नकाशावर मोजलं होतं:
साडेतीन बोटं.
तिघांचंही खरं.

आमचं विमान लहान. सतरा जागा,
सतरावीचा पट्टा लागत नाही.
ते डोंगरांवरून जात नाही, डोंगरांमधून जातं,
बोळातून अंग चोरून जावं तसं.
बर्फ बघायला मान वर करावी लागते.
ढग आला की बोळ बंद.
मग मी फळ्यावर खडूनं लिहिते: आज नाही.
इतक्यांदा लिहिलंय
की पुसलं तरी "नाही" मागे उरतंच.

मार्चात ओयातशो आला.
गवंडी. नखांत चुना.
हातात मिठाईचा खोका, पण धरलेला असा
की आत मिठाई नाही हे कळावं.
आत बापाची कवळी होती,
इथे करवून घेतलेली, पंधरा दिवसांच्या मजुरीत.
म्हातारा तिकडे महिनाभर
खाऱ्या दुधाच्या चहात रोटी भिजवून गिळतोय,
आणि सुकी तुती नुसतीच खिशात घेऊन फिरतोय.

चार दिवस फळा तसाच.
चार दिवस ओयातशो बाकावर, खोका मांडीवर,
खोक्यावर टोपी, ऊन लागू नये म्हणून.
रोज सकाळी येऊन वाकायचा:
"सदबर्ग आपा, आज किती लांब?"
आज.
एकवीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी उडालं.
मी वहीत वेळ टिपली, चहा ओतून घेतला.
रुशानच्या तोंडाशी ढग बसला होता.
वैमानिकानं डोंगराच्या पुढ्यातच विमान वळवलं,
आणि एक तास पाच मिनिटांनी ओयातशो
पुन्हा माझ्या काचेपुढे वाकला.
तेच बूट, तोच खोका,
फक्त कानांत दडे बसलेले, म्हणून ओरडून बोलत होता.

वहीत एक रकाना असतो, अंतर.
मी शून्य लिहिलं.
तेवढ्यात तो म्हणाला, वळताना नदी दिसली, आपली पंज,
पलीकडच्या अफगाण काठावर
एक बाई अडलेल्या गाढवाला ढकलत होती.
मी शून्य खोडलं.
तेवढं तर तो गेला होता.
तेवढ्याचा आकडा मला येत नव्हता,
रकाना अजून कोराच आहे.

संध्याकाळी तो जीपनं निघाला,
चालकाच्या आणि एका जाड नर्सच्या मधे.
आठवड्यानं फोन.
"वीस तास लागले, आपा.
बाबांनी कवळी घातली, आरशात बघितलं,
म्हणाले, हा कोण हसतोय?
वरची बसली. खालची सैल आहे.
पुन्हा यावं लागणार."
मागून कुणीतरी काहीतरी कडक चावत होतं,
कडाकडा, सावकाश,
माणूस बऱ्याच दिवसांनी घरी येऊन
एकेक दार उघडून बघतो तसं.

मग सवयीनं त्यानं विचारलं,
या खेपेला तिकडून,
"दुशान्बे आज किती लांब?"

थांब, म्हटलं,
आणि फोन तसाच ठेवून
आभाळ बघायला बाहेर गेले.