अवनत कोन

गटाचं नाव त्यांनी ठेवलंय ‘फक्त अभ्यास’,
आणि पहाटे पाचला त्यात पहिलं येतं
कुणाच्या तरी मामाने पाठवलेलं गुलाबाचं फूल.

मी त्यात चुकून आहे.
युगा घाडीने शाळेच्या वहीतून नंबर उतरवले,
एक ओळ जास्त उतरली.
माझ्या नंबरापुढे फणसाचा फोटो, नाव नाही.
बोलले नाही त्या दिवशी,
मग बोलायची वेळच निघून गेली.

इथे माझी नक्कल होते. ‘आकृती काढा, मग तोंड उघडा.’
हुबेहूब. मीच दोनदा ऐकली.

इथे फुटलेला पेपर येतो, तीनशे रुपयांत.
आंब्याच्या बागेतल्या राखण्याची बिमला,
नेपाळात जन्मलेली, इथल्यापेक्षा इथली,
लिहिते : ‘गेल्या वर्षीचो आसा तो. तारीख बघ रे शाण्या.’
तीनशे रुपये वाचतात. कुणी आभार मानत नाही.

आणि इथे मितेश तारी आहे.
नववीत त्याचं नाव मी लाल शाईने कमी केलं,
सलग गैरहजर, शेरा मारून.
आता मामाच्या ट्रॉलरवर बर्फ फोडतो,
सतरा नंबरचा फॉर्म भरलाय.
बोट देवगडच्या टप्प्यात आली की
त्याचे तीन दिवसांचे प्रश्न एकदम येतात,
मागे इंजिनाची धडधड.

गुरुवारी गणित होतं दीपगृहाचं.
उंची साठ मीटर, अवनत कोन तीस अंश,
बोट किती दूर?
कुणी साइन घेतला, कुणी नुसताच अंगठा दाखवला.
माझी बोटं शिवशिवली. दाबून धरली.
अकराला सुमैयाने टॅन लावला,
एकशे चार मीटर, जवळपास.

मग मितेशचा आवाज :
‘एकशे चार? खयचो तांडेल बोट थंय घालतलो?
थंय खडप आसा. तळ फुटतलो.’

हसणारे पिवळे चेहरे, ओळीने.
वीस वर्षं शिकवतेय मी ते गणित.
एकदाही त्या बोटीत माणूस बसवला नव्हता.

थोड्या वेळाने, हळू :
‘पण कोन वर आसा. बोट खाली. थंय कोन कसो येतलो?’

सुमैयाने वहीचा फोटो पाठवला,
कोपऱ्यात तिचा अंगठा, नखात शाई.
वरच्या डोळ्याची एक आडवी रेघ, पाण्याची दुसरी,
मधून तिरकी नजर.
‘रेघो समांतर. म्हणान दोनय कोन सारखे.’

नुसती धडधड. पाणी. कुणीतरी लांबून ओरडलं.
‘म्हणजे,’ तो म्हणाला,
‘ते जितके वाकान आमका बघतत
तितकीच मान आमका वर करूची लागता.’

मी ‘बरोबर’ लिहिलं. खोडलं.
‘मितेश’ लिहिलं. तेही खोडलं.
वर दिसत राहिलं असणार त्यांना, कुणीतरी टाइप करतंय,
कारण युगाने विचारलं :
‘ह्यो फणस कोण आसा? कधी बोलाक नाय.’

दोघातिघांनी खांदे उडवले.
बिमला म्हणाली, काढून टाकूया.

टप्प्यातून सुटता सुटता
तुटक तुटक आला शेवटचा आवाज :
‘ऱ्हवांदे.
आयकता तर आयकांदे.’